धूर कोणाचा, दंड कोणाला?

सन २०२६ च्या १ जानेवारीपासून युरोपीय संघाच्या सीमेवर एक नवे जकातनाके सुरू झाले आहे. या नाक्यावर मालाची किंमत विचारली जात नाही. हा माल तयार करताना तुम्ही आकाशात किती कर्बवायू सोडलात, एवढेच विचारले जाते. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या सहा जिनसांना हा नियम लागू आहे. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून सव्वादोन वर्षे केवळ माहिती भरून देण्याचे बंधन होते. आता त्या माहितीवर पैसे मोजण्याची पाळी आली आहे. हा आकार युरोपातील खरेदीदाराने भरावयाचा आहे हे खरे. परंतु कोणताही खरेदीदार असला बोजा आपल्या शिरावर फार काळ ठेवीत नाही, तो विकणाऱ्याच्या दरातून कापून घेतो, हे व्यापाराचा ओनामा जाणणाऱ्यास सांगावयास नको.

शनिवार पेठेतील आमच्या कचेरीच्या खिडकीतून एकही धुराडे दिसत नाही. दिसतो तो ओंकारेश्वराचा परिसर, नदीपात्रातील रस्ता आणि पलीकडची झाडी. त्यामुळे ब्रुसेल्सला झालेल्या निर्णयाचे आम्हा पेठकरांना काय, असे कोणी म्हणेल. पण सकाळी अंधार आहे तोच या पेठेच्या नाक्यानाक्यावर भोसरीच्या, चाकणच्या, रांजणगावच्या बसगाड्यांची वाट पाहत उभे राहणारे तरुण कोण आहेत? ते आमच्याच घरातील मुले-मुली आहेत. गेल्या साठ वर्षांत पुण्याचा संसार पेन्शनीवर जेवढा चालला त्याहून अधिक तो कारखान्यांच्या पगारावर चालला आहे. मोटारीचे सुटे भाग, घडीव व ओतीव लोखंड, इंजिने आणि यंत्रे ही आज पुण्याची खरी पिके आहेत. युरोपीय आयोगाने हाच नियम पोलादापासून बनणाऱ्या पुढच्या मालापर्यंत, म्हणजे यंत्रे आणि त्यांचे भाग यांच्यापर्यंत, नेण्याचा प्रस्ताव २०२५ च्या डिसेंबरात मांडलेला आहे. आग अजून आपल्या वाड्याला लागलेली नाही. पण शेजारच्या वाड्यापर्यंत ती आलेली आहे.

या नियमात अन्याय आहे की नाही? आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. ज्या राष्ट्रांनी दोन शतके कोळसा जाळून आपली नगरे, आरमारे आणि वसाहती उभ्या केल्या, त्यांनीच आज कोळसा जाळणाऱ्या गरिबाकडून दंड मागावा, हे न्यायाच्या कोणत्या कलमात बसते? १९९२ साली रिओ येथे साऱ्या जगाने मान्य केलेले तत्त्व असे होते की जबाबदारी सर्वांची, परंतु तिचा वाटा ज्याच्या त्याच्या इतिहासाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. सीमेवरचा हा आकार त्या तत्त्वाला हरताळ फासतो. भारत सरकारने तशी हरकत जागतिक व्यासपीठांवर वेळोवेळी घेतलेली आहे आणि ती यापुढेही घेत राहावी. तथापि हरकत घेणे हा वकिलाचा धर्म झाला. दुकानदाराचा धर्म निराळा असतो. गिऱ्हाईक अन्यायाने वागते म्हणून दुकानाला कुलूप लावणारा मनुष्य स्वाभिमानी ठरेल, पण त्याच्या घरची चूल पेटणार नाही. शिवाय एक गोष्ट आपण आपल्या मनाशी कबूल केली पाहिजे. अवकाळी पाऊस, करपलेली द्राक्षे आणि चंद्रपूरचा उन्हाळा हे युरोपच्या हट्टासाठी होत नाहीत. धुराचा हिशेब निसर्ग ठेवतोच आहे. युरोपने फक्त त्याचे बिल छापले आहे.

आता या बिलाचा आकार पाहू. युरोपातील कारखान्यांना आजवर कर्बवायू सोडण्याचे जे परवाने फुकट मिळत होते, ते २०२६ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेतले जाणार आहेत. आणि जेवढे ते कमी होतील, तेवढा बाहेरच्या मालावरचा भार वाढत जाईल. पहिल्या वर्षी हा भार पूर्ण आकाराच्या अवघा अडीच टक्के आहे. २०२७ मध्ये तो पाच टक्के, २०२८ मध्ये दहा टक्के होईल. परंतु २०३० मध्ये तो एकदम साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांवर जाईल आणि २०३४ मध्ये संपूर्ण लागू होईल. युरोपच्या बाजारात एक टन कर्बवायूची किंमत गेल्या काही वर्षांत पन्नास ते शंभर युरोंच्या दरम्यान फिरत राहिली आहे. ती सत्तर युरो धरली आणि एका टन पोलादामागे दोन टन कर्बवायू धरला, तर पूर्ण भार टनामागे १४० युरोंचा होतो. म्हणजे साध्या पोलादाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात. इतका नफा कोणत्या कारखानदाराजवळ शिल्लक असतो? पहिल्या दोन-तीन वर्षांची ही सवलत पाहून जो निर्धास्त झोपेल, तो २०३० साली जागा होईल तेव्हा त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात बसलेले असेल.

पोलादाला धूर चिकटलेला असतो तो कोठून येतो, हेही समजून घेतले पाहिजे. कारण रोग ठाऊक नसता औषधाची चर्चा व्यर्थ आहे. लोखंडाच्या खनिजात लोह आणि प्राणवायू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. त्यांची ताटातूट करण्यासाठी झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक घालतात. कोकातील कर्ब प्राणवायूला ओढून घेतो, लोखंड मोकळे होते आणि कर्बवायू धुराड्यावाटे निघून जातो. म्हणजे येथे कोळसा केवळ इंधन नाही, तो रसायनही आहे. सिमेंटची कथा याहूनही बिकट आहे, कारण तेथे चुनखडी भाजली की कर्बवायू खुद्द दगडातूनच बाहेर पडतो. जळण बदलले तरी तो थांबत नाही. मात्र जुने लोखंड, म्हणजे भंगार, वितळवून पोलाद करावयाचे असेल तर खनिज फोडण्याचे कारणच उरत नाही. विजेच्या भट्टीत टनामागे सुमारे पाचशे युनिट वीज लागते. आपल्या देशाच्या जाळ्यातील वीज बहुतांशी कोळशाची असल्याने तिच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू निघतो. तेव्हा ही भट्टी जाळ्यातील विजेवर चालवली तर विजेपोटी साडेतीनशे किलो, आणि ऊन-वाऱ्याच्या विजेवर चालवली तर जवळजवळ शून्य! प्रश्न सारा असा दोन गोष्टींवर येऊन ठेपतो: भंगार किती आणि वीज कोणती.

याच वाटेने जाणारे उदाहरण पुण्याला दूर शोधावयास नको. ते मुंढव्याला आहे. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये भारत फोर्जची स्थापना केली, तेव्हा घडीव लोखंडाचा पुणेकरांशी संबंध तांबट आळीतल्या हातोड्यांपलीकडे फारसा नव्हता. पुढे बाबा कल्याणी यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, देशाची बाजारपेठ बंदिस्त असताना, मोठी जोखीम पत्करून स्वयंचलित यंत्रे बसवली आणि नव्वदीत दारे उघडली तेव्हा हा कारखाना परदेशी बाजारात ताठ मानेने उभा राहिला. त्याच उद्योगसमूहाने २०२२ च्या डिसेंबरात विजेच्या भट्टीत आणि नूतनक्षम विजेवर तयार केलेले पोलाद ‘हरित पोलाद’ म्हणून बाजारात आणले. हे काही धर्मकृत्य नव्हे. मोटारी बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या मालातील धुराचा हिशेब पुरवठादाराकडे मागू लागल्या, आणि मागण्याआधीच उत्तर तयार ठेवणारा व्यापारी जिंकतो, एवढेच त्याचे रहस्य आहे. स्वच्छता आणि स्पर्धा यांचे वैर आहे असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला हे उत्तर पुरेसे आहे. केंद्र सरकारनेही २०२४ च्या डिसेंबरात हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांहून कमी कर्बवायू सोडणाऱ्या पोलादाला ‘हरित’ हे नाव आणि १.६ टनांहून कमी असल्यास पाच तारे. देशाची सरासरी अडीच टनांच्या आसपास असताना ही अट सैल आहे असे म्हणता येईल. पण मोजपट्टी हाती आली हे थोडे नव्हे.

मात्र मुंढव्याची गोष्ट सांगून समाधान मानणे ही आत्मवंचना होईल. मोठ्या घराला जे साधते ते ओसरीवरच्या संसाराला साधते असे नाही. आमच्या शिक्षकी काळातील एका विद्यार्थ्याचा भोसरीस पंचवीस-तीस माणसांचा कारखाना आहे. मध्यंतरी तो आमच्याकडे आला तो हातात कागदांचे एक बाड घेऊन. गिऱ्हाईक कंपनीने त्याला विचारले होते की, तुमच्या प्रत्येक नगामागे कर्बवायू किती? त्याच्या शेडमध्ये विजेचा मीटर एकच. कोणते यंत्र किती वीज खाते याची नोंद नाही. कच्चा माल कोणत्या भट्टीतून आला हे विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही माहीत नाही. ‘‘सर, तुम्ही मला त्रैराशिक शिकवलेत; पण त्रैराशिक मांडायला तीन आकडे लागतात. माझ्यापाशी एकच आहे!’’ असे तो म्हणाला. हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील शेकडो फाउंड्रीवाल्यांची, भोसरी-चाकणच्या हजारो लघुउद्योजकांची आज हीच अवस्था आहे. धूर कमी करण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे पुढचा आहे. धूर मोजावयाचा कसा, हा पहिला आहे. आणि ज्याला मोजता येत नाही, त्याच्या नावावर युरोपचे अधिकारी आपल्या ठरीव दराने, म्हणजे चढ्या दराने, आकडा लिहून मोकळे होतात.

दुसरा अडसर विजेचा. महाराष्ट्रातील उद्योगांची वीज देशातील महागड्या विजांपैकी आहे, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. शेतीपंपाच्या सवलतीचा भार वर्षानुवर्षे कारखान्याच्या बिलावर टाकला गेला. केंद्राने २०२२ मध्ये नियम करून शंभर किलोवॅटपर्यंतच्या लहान ग्राहकालाही बाहेरून हरित वीज विकत घेण्याची मुभा दिली. पूर्वी ही मर्यादा एक मेगावॅटची होती. परंतु वहन आकार, अधिभार आणि अर्जांचे सोपस्कार यांतून पार पडेपर्यंत लहान माणसाचा धीर सुटतो. यावर खरा उपाय शेतीची वीजच उन्हातून काढण्याचा आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्या दृष्टीने मोलाची आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, सवलतीचा भार उतरेल आणि तो उतरला की कारखान्याचा दर खाली आणण्यास सरकारला सबब उरणार नाही. शेतकरी विरुद्ध कारखानदार असा तंटा लावून देणारे राजकारण पुष्कळ झाले. येथे दोघांचे हित एका तारेत ओवता येते.

उरला प्रश्न रात्रीचा. भट्टी सूर्यास्त पाहून थांबत नाही. दुपारची उरलेली सौर वीज वापरून खालचे पाणी डोंगरावर चढवावयाचे आणि रात्री ते खाली सोडून पुन्हा वीज घ्यावयाची, या उदंचन जलविद्युत पद्धतीला सह्याद्रीसारखी दुसरी जागा नाही. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात पुणे जिल्ह्यातील शिरवटा येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या प्रकल्पांचा करार झाला. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीने, १९२२ पासून भिवपुरीने आणि १९२७ पासून भिऱ्याने पाण्याची वीज पुरवली. ‘हरित’ हा शब्दही जन्मला नव्हता, तेव्हा महाराष्ट्राचा मोठा उद्योग धुराविना चालला होता, याचा अभिमान जरूर वाटावा.

परंतु याच ठिकाणी पुणेकराने क्षणभर थबकले पाहिजे. भिऱ्याची वीज मुळशीच्या पाण्याची आहे, आणि मुळशीच्या पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरे आहेत. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ म्हणत जे शेतकरी त्या धरणाच्या बांधावर येऊन बसले, ते विजेचे शत्रू नव्हते. शहराच्या उजेडासाठी आमच्याच घरात अंधार का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. ज्यांच्याकडे त्या जमिनी गहाण होत्या त्या पुण्यातील सावकारांपैकी अनेकांनी मोबदला पदरात पाडून घेऊन पाठ फिरवली, हा या लढ्याच्या इतिहासातील आमच्या पेठांचा वाटा आहे. तो सुखद नाही म्हणून विसरावा असे नाही. कोयनेच्या धरणाने १९६२ पासून महाराष्ट्र उजळला, आणि त्या धरणाचे विस्थापित साठ वर्षांनंतरही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलने करीत राहिले. स्वच्छ वीज ही आपोआप न्याय्य वीज होत नाही. सौरशेतांसाठी, पवनचक्क्यांसाठी, उदंचनाच्या तलावांसाठी पुन्हा डोंगरातील आणि माळावरील माणसाकडे जमीन मागितली जाणार आहे. या वेळी त्याला केवळ मोबदला न देता विजेच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा दिला पाहिजे. तसे न झाले तर ब्रुसेल्सचा दंड चुकवून आपण तो मुळशीकरांच्या नातवंडांकडून वसूल केला, असे होईल.

हाच विचार राज्याच्या दुसऱ्या टोकाला लागू आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र आज २,९२० मेगावॅटचे आहे. त्या जिल्ह्याची बाजारपेठ, शाळा, दवाखाने कोळशाच्या पगारावर उभे आहेत. शेजारच्या गडचिरोलीत कोनसरी येथे २०२५ च्या जुलैत नव्या पोलाद प्रकल्पाची पायाभरणी झाली. पोलादाचा कारखाना एकदा उभा राहिला की चाळीस वर्षे हलत नाही. तेव्हा आज घातलेला पाया २०६५ चा धूर ठरवतो, आणि आपण तर २०७० पर्यंत धुराची बेरीज शून्यावर आणण्याचे वचन ग्लासगोच्या परिषदेत, २०२१ मध्ये, दिलेले आहे. नवी भट्टी कोणत्या प्रकारची असावी हे पाया भरण्यापूर्वीच ठरले पाहिजे. मागाहून भट्टी फोडणे म्हणजे काय, ते वेल्समधील पोर्ट टॅलबटला विचारावे. तेथे टाटा स्टीलने २०२४ मध्ये दोन्ही झोतभट्ट्या विझवल्या. जागी विजेची भट्टी येणार आहे आणि ब्रिटिश सरकारने त्यासाठी पन्नास कोटी पौंडांचे साहाय्य देऊ केले. पण कंपनीने सुमारे २,८०० नोकऱ्या जातील असे जाहीर केले होते, आणि भट्टी विझण्याची तारीख नवी भट्टी पेटण्याच्या तारखेच्या कित्येक वर्षे अगोदर आली. चंद्रपूरच्या कामगारावर ती वेळ आणावयाची नसेल तर त्याच्या मुलाच्या शिक्षणाची आणि त्या जिल्ह्याच्या नव्या धंद्यांची तजवीज आजच केली पाहिजे.

मग करावे काय? पहिली गोष्ट केंद्र सरकारने करावयाची आहे. एखाद्या कारखान्याने आपल्या देशात कर्बवायूची किंमत मोजली असेल तर युरोपच्या आकारातून ती वजा मिळते, असे त्यांचाच कायदा सांगतो. आपली कर्बपत-व्यापाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. सिमेंट, ॲल्युमिनियम अशा काही उद्योगांना २०२५ मध्ये मर्यादाही घालून दिल्या गेल्या. ही योजना पोलादाला लवकर आणि खऱ्या अर्थाने लागू करावी. जो पैसा जाणारच आहे तो ब्रुसेल्सच्या तिजोरीत का जावा? तो येथेच जमा करून कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याच्या नव्या भट्टीसाठी स्वस्त कर्ज म्हणून का देऊ नये?

दुसरी गोष्ट मोठ्या कारखानदारांची. ज्या लहान पुरवठादारांच्या खांद्यावर ते उभे आहेत त्यांना केवळ तक्ते पाठवून भागणार नाही. मोजणी शिकवणारी माणसे पाठवली पाहिजेत आणि स्वच्छ मालाला दोन पैसे जास्त दिले पाहिजेत. तिसरी विद्यासंस्थांची. १८५४ पासून अभियंते घडविणारे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या शहरात आहेत, त्या शहरात भोसरीच्या कारखानदाराला आपला धूर मोजता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एक सार्वजनिक मोजणी केंद्र उभे राहिले आणि त्यावर विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षी सहा महिने काम केले, तर दोघांचेही शिक्षण होईल. चौथी महापालिकांची. भंगार हे उद्याचे खनिज आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतील अनधिकृत बांधकामे पाडली गेली, त्यांत भंगाराची गोदामे पुष्कळ होती. अनधिकृत ते हटवावे, याबद्दल वाद नाही. परंतु त्या धंद्याला नियमबद्ध आणि सुरक्षित जागा देण्याची निकड पाडण्याच्या निकडीइतकी दिसली नाही. ज्या शहराला हरित पोलाद हवे, त्याने भंगारवाल्याला नाक मुरडून चालणार नाही.

आणि शेवटची गोष्ट आम्हा सुशिक्षितांची. हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे, तो साहेब लोक पाहतील, असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. परंतु वीज नियामक आयोगापुढे दरांची सुनावणी होते तेव्हा तेथे बोलण्याचा अधिकार नागरिकालाही असतो. धरणाचा तलाव कोठे होणार यावर जनसुनावणी होते तेव्हा तेथे जाण्यास कोणाची मनाई नसते. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या प्रश्नावर पुणे दुभंगले, आणि जे बळकट होते ते आपला फायदा घेऊन बाजूला झाले. आज पुन्हा एकदा या शहरापुढे पाणी, वीज आणि पोट यांचा एकत्रित प्रश्न उभा आहे. भट्टी विझवून पुणे जगणार नाही आणि धूर ओकत राहिले तर पुण्याचा माल विकला जाणार नाही. भट्टी पेटती ठेवून धूर थांबवणे, आणि त्याचा खर्च भोसरीच्या लहान कारखानदारावर, मावळच्या शेतकऱ्यावर आणि चंद्रपूरच्या कामगारावर न लादणे, ही या पिढीची परीक्षा आहे. प्रश्नपत्रिका हातात पडलेली आहे, वेळ २०३० पर्यंतची आहे. आणि शिक्षकी पेशात आयुष्याची वर्षे घालविलेल्या माणसाचा अनुभव असा की, पहिला अर्धा तास पेन्सिलीला टोक करण्यात घालविणारा विद्यार्थी शेवटी पुरवणी मागतो, पण त्याला वेळ वाढवून मिळत नाही.